जेरी ब्राउन आणि कॅलिफोर्नियाचं गव्हर्नरपद : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गव्हर्नर म्हणजे आपल्याकडचे राज्यपालच ना?

शब्द तोच, काम वेगळं. आपली वर्तमानपत्रं सर्रास 'कॅलिफोर्नियाचे राज्यपाल' असं छापतात आणि वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे शपथविधी, ध्वजवंदन आणि अभिभाषण उभं राहतं. अमेरिकेतल्या गव्हर्नरला लोक थेट मत देऊन निवडतात आणि राज्याचं सरकार तोच चालवतो. म्हणजे पद मुख्यमंत्र्याच्या जवळचं. फरक एवढाच की मुख्यमंत्र्याचे आमदार फुटले की खुर्ची जाते, गव्हर्नरची तशी जात नाही. विधिमंडळ विरोधकांच्या ताब्यात असलं तरी तो आपली चार वर्षं बसून असतो. विधेयक नाकारायचा अधिकार त्याच्याकडे असतोच, पण कॅलिफोर्नियात अर्थसंकल्पातल्या एकेका रकमेवरही काट मारता येते. तिथे त्याला 'निळी पेन्सिल' म्हणतात. म्हणून या पानावर मी 'गव्हर्नर' हाच शब्द ठेवला आहे.

इतके गव्हर्नर होऊन गेले, मग ब्राउनच का?

डेमोक्रॅटिक पक्षाचे जेरी ब्राउन एकाच राज्याचे, कॅलिफोर्नियाचे, दोन खेपा गव्हर्नर होते. पहिली खेप १९७५ ते १९८३, दुसरी २०११ ते २०१९. मधे २८ वर्षांची फट. पहिल्यांदा शपथ घेतली तेव्हा वय ३६, शेवटचं कार्यालय सोडलं तेव्हा ८०.

माझ्या दृष्टीने खरी गंमत पुढे आहे. दुसऱ्या खेपेला त्यांच्या टेबलावर आलेले बरेच प्रश्न पहिल्या खेपेला त्यांनीच जन्माला घातलेले किंवा अर्धवट सोडलेले होते. आपणच घातलेली शिवण म्हातारपणी उसवून पुन्हा घालायची वेळ राजकारणात फार थोड्यांवर येते. बहुतेकांच्या चुका निस्तरायला दुसरा कोणीतरी येतो.

वडीलही गव्हर्नर होते. म्हणजे घराणेशाहीच की?

नाकारण्यात अर्थ नाही. वडील पॅट ब्राउन १९५९ ते १९६७ गव्हर्नर होते. १९६२ मध्ये त्यांनी रिचर्ड निक्सनना हरवलं आणि १९६६ मध्ये रोनाल्ड रेगन यांच्याकडून स्वतः जवळपास दहा लाख मतांनी हरले. रेगन यांच्यानंतर त्याच खुर्चीत मुलगा बसला. जेरी यांची बहीण कॅथलीन १९९४ मध्ये त्याच पदासाठी उभी राहिली, पण पीट विल्सन यांच्यापुढे पडली. हेच विल्सन १९८२ मध्ये सिनेटच्या निवडणुकीत जेरी यांना भारी पडले होते. एका घरातल्या दोघांना पाडणारा माणूस तसा विरळाच.

वडील-मुलाच्या नात्यातला एक प्रसंग मात्र घराणेशाहीच्या हिशेबात बसत नाही. फेब्रुवारी १९६० मध्ये कॅरिल चेसमन या कैद्याला सॅन क्वेंटिनच्या गॅस चेंबरमध्ये नेण्याची तारीख अगदी तोंडावर आली होती. त्याने कोणाचा खून केला नव्हता. त्या वेळच्या अपहरणाच्या कडक कायद्याखाली त्याला मृत्युदंड झाला होता. २१ वर्षांच्या जेरी यांनी वडिलांना फोन केला आणि शिक्षा थांबवा म्हणून गळ घातली. पॅट ब्राउन यांनी ६० दिवसांची स्थगिती दिली आणि मृत्युदंड रद्द करण्याचा विषय विधिमंडळापुढे ठेवला. विधिमंडळाने तो फेटाळला, २ मे १९६० रोजी चेसमनला मारण्यात आलं आणि पॅट ब्राउन यांच्यावर 'डळमळीत माणूस' हा शिक्का बसला तो बसलाच. आपल्या एका फोनची किंमत वडिलांना काय पडली, हे मुलाने जवळून पाहिलं.

ते खरंच पाद्री होणार होते?

हो. ऑगस्ट १९५६ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, ते लॉस गॅटोसच्या जेझुइट मठात दाखल झाले. मौन, प्रार्थना, लॅटिन आणि द्राक्षमळ्यातली कामं. साडेतीन वर्षं काढून जानेवारी १९६० मध्ये बाहेर पडले. वरचा फोन त्यानंतर महिन्याभरातला आहे, हे लक्षात घेतलं की तो जास्त कळतो. पुढे बर्कलीत ग्रीक-लॅटिन आणि येलमध्ये कायदा शिकले. कॅलिफोर्नियाच्या वकिलीच्या परीक्षेत पहिल्या फटक्यात नापास झाले, दुसऱ्यांदा सुटले.

इतक्या लहान वयात गव्हर्नरपदापर्यंत पोचले कसे?

आडनाव कामी आलं. १९६९ मध्ये लॉस एंजेलिसच्या कम्युनिटी कॉलेजांच्या विश्वस्त मंडळासाठी सव्वाशेच्या आसपास उमेदवार उभे होते आणि ब्राउन पहिले आले. मतदारांनी ओळखीचं एकच नाव पाहिलं आणि शिक्का मारला, इतकं ते साधं असावं. १९७० मध्ये ते राज्याचे सेक्रेटरी ऑफ स्टेट झाले. निवडणुका आणि नोंदण्यांचं हे खातं कोणी फारसं मनावर घेत नसे. ब्राउन यांनी निवडणूक निधीच्या नोंदींवरून थेट तेल कंपन्यांना कोर्टात खेचलं. निक्सन यांच्या वॉटरगेट घोटाळ्याचे दिवस होते, स्वच्छ राजकारणाला भाव आला होता. १९७४ मध्ये ह्यूस्टन फ्लोर्नॉय यांना त्यांनी पावणेदोन लाखांच्या आसपास मतांनी हरवलं. कॅलिफोर्नियाच्या मानाने ही काठावरचीच जीत.

जमिनीवर गादी, साधी गाडी... हे खरं की देखावा?

दोन्ही, असं माझं मत. रेगन यांच्या काळात गव्हर्नरसाठी राज्याची राजधानी सॅक्रामेंटोजवळ मोठा नवा बंगला बांधायला घेतला होता. ब्राउन त्यात राहायलाच गेले नाहीत. विधानभवनाजवळ एक फ्लॅट भाड्याने घेतला आणि जमिनीवर गादी टाकून झोपू लागले. मोठी सरकारी लिमोझिन नाकारली आणि सरकारी ताफ्यातली फिकट निळी १९७४ ची प्लायमाउथ सॅटेलाइट घेतली. छायाचित्रकारांना ती गाडी फार आवडली आणि ब्राउन यांना ते ठाऊक होतं. पण मठातून आलेल्या माणसाला गादी जमिनीवर टाकण्यात कष्ट पडले असतील, असंही वाटत नाही.

पुढची कडी सांगायला हवी. डिसेंबर २०१५ मध्ये, ७७ व्या वर्षी, ते १८७७ साली बांधलेल्या जुन्या गव्हर्नर निवासात राहायला गेले. वडील गव्हर्नर असताना कुटुंब तिथेच होतं.

'गव्हर्नर मूनबीम' हे नाव कोणी दिलं?

शिकागोचे स्तंभलेखक माइक रॉयको यांनी, १९७६ मध्ये. मूनबीम म्हणजे चंद्रकिरण, थोडक्यात हवेत तरंगणारा माणूस. राज्याने स्वतःचा दळणवळण उपग्रह घ्यावा अशी कल्पना ब्राउन यांनी मांडल्यावर ते नाव घट्ट चिकटलं. पुढे रॉयको यांनी स्वतःच ते मागे घेतलं, पण टोपणनाव असं परत घेता येत नसतं. डिसेंबर २०१६ मध्ये ट्रम्प सरकार हवामानाची निरीक्षणं करणारे उपग्रह बंद पाडेल अशी भीती होती. तेव्हा सॅन फ्रान्सिस्कोत जमलेल्या शास्त्रज्ञांसमोर ब्राउन यांनी ठणकावलं, तसं झालं तर कॅलिफोर्निया स्वतःचा उपग्रह सोडेल! चाळीस वर्षांपूर्वीची चेष्टा त्यांनी टाळ्यांसकट वसूल केली.

गव्हर्नर राज्याबाहेर गेले की काय होतं?

हा प्रश्न विचारणाऱ्याने बहुधा माइक कर्ब यांचं नाव ऐकलेलं असतं. कॅलिफोर्नियात लेफ्टनंट गव्हर्नर, म्हणजे उपगव्हर्नर, वेगळा निवडून येतो, त्यामुळे तो विरोधी पक्षाचाही असू शकतो. राज्यघटनेनुसार गव्हर्नरने राज्याची हद्द ओलांडली की अधिकार त्याच्याकडे जातात. १९७८ मध्ये ब्राउन यांच्यासोबत रिपब्लिकन पक्षाचे कर्ब निवडून आले. मूळ धंदा गाण्यांच्या रेकॉर्ड काढण्याचा. ब्राउन राष्ट्राध्यक्षपदाच्या प्रचाराला बाहेर पडले की इकडे कर्ब आदेश काढत. १९७९ मध्ये तर त्यांनी एक न्यायाधीशच नेमून टाकला. ब्राउन यांनी परत येऊन ती नेमणूक रद्द केली आणि प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं. कोर्टाने सांगितलं, कर्ब यांचा अधिकार खरा, पण नेमणूक कायम होण्याआधी ब्राउन ती मागेही घेऊ शकतात. शेजाऱ्याकडे किल्ली ठेवून गावाला जावं आणि परत येऊन पाहावं तर त्याने सोफा बदललेला, असला प्रकार.

प्रॉपोझिशन १३ काय आहे? तिथल्या नातेवाइकांच्या तोंडी सारखं असतं.

सनीवेल, फ्रीमॉन्ट, सॅन होजेकडे घर घेतलेल्या मराठी कुटुंबांचा या विषयाशी दरवर्षी संबंध येतो, म्हणून जरा सविस्तर.

सत्तरच्या दशकात कॅलिफोर्नियात घरांच्या किमती भराभर वाढल्या आणि त्याबरोबर मालमत्ता करही. निवृत्त माणसांना स्वतःच्याच घराचा कर परवडेना. राज्याच्या तिजोरीत मात्र सुमारे ५ अब्ज डॉलर शिल्लक पडून होते. ब्राउन यांना काटकसरीचा अभिमान आणि विधिमंडळात कर सवलतीवर एकमत होत नव्हतं. हॉवर्ड जार्विस नावाच्या तापट, म्हाताऱ्या कार्यकर्त्याने सह्या गोळा करून करकपातीचा प्रस्ताव, म्हणजेच प्रॉपोझिशन १३, थेट मतदारांपुढे नेला. ब्राउन यांनी कडाडून विरोध केला. ६ जून १९७८ रोजी जवळपास ६५ टक्के मतांनी तो मंजूर झाला.

नियम असे : कर मालमत्तेच्या मूल्याच्या १ टक्क्यापुरता. मूल्य १९७५ च्या पातळीवर मागे न्यायचं आणि वर्षाला फार तर २ टक्के वाढवायचं. घर विकलं गेलं की नव्या किमतीवर नव्याने आकारणी. शिवाय राज्याला कुठलाही कर वाढवायचा तर विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं लागतील.

समजा, एका गल्लीत दोन सारखी घरं आहेत. एकाचं मूल्य १९७५ मध्ये ५० हजार डॉलर होतं, मालक तोच आहे. वर्षाला २ टक्के धरले तर ४० वर्षांनी मूल्य १ लाख १० हजारांच्या आसपास आणि कर साधारण १,१०० डॉलर. शेजारचं घर तुमच्या भाच्याने २०१५ मध्ये १५ लाखांना घेतलं, त्याला १५ हजार. रस्ता एक, कचऱ्याची गाडी एक, शाळा एक. मुंबईत पागडीच्या घरातल्या आजोबांचं भाडं आणि वरच्या मजल्यावरच्या नव्या मालकाचा हप्ता आठवा, तीच जातकुळी.

निकालानंतर ब्राउन यांनी रातोरात कूस बदलली. लोकांचा कौल डोक्यावर घेऊन ते इतक्या उत्साहाने करकपात राबवायला लागले की ती त्यांचीच योजना वाटावी. शाळा आणि नगरपालिकांचं मालमत्ता कराचं उत्पन्न निम्म्याहून खाली आलं होतं. साठवलेली शिल्लक वाटून त्यांनी त्यांना तारलं. मतदार खूश झाले आणि नोव्हेंबरमध्ये ब्राउन १३ लाखांहून अधिक मतांनी पुन्हा निवडून आले. पण त्या दिवसापासून शाळांच्या पैशाची दोरी सॅक्रामेंटोच्या हातात गेली आणि राज्याची तिजोरी श्रीमंतांच्या प्राप्तिकरावर टांगली गेली. शेअर बाजार वर तर तिजोरी भरलेली, तो पडला की खडखडाट. आधीच थोडी सवलत दिली असती तर जार्विस यांना सह्या मिळाल्या असत्या का? मला नाही वाटत.

फळमाशीने त्यांची कारकीर्द संपवली म्हणतात, ते काय प्रकरण?

१९८०-८१ मध्ये सांता क्लारा भागात भूमध्यसागरी फळमाशी सापडली. आज जिथे सिलिकॉन व्हॅली आहे तिथे तेव्हा फळबागा बऱ्याच शिल्लक होत्या. विमानातून मॅलेथिऑन हे कीटकनाशक फवारा, असं शेतकी खात्याचं म्हणणं. खाली लाखो लोक राहतात म्हणून ब्राउन नाही म्हणाले, जमिनीवरून फवारणी आणि झाडांची फळं उतरवणं सुरू ठेवलं. माशी आटोक्यात येईना. केंद्र सरकारने राज्याच्या फळांवर बंदी घालण्याचा इशारा दिला, तेव्हा जुलै १९८१ मध्ये माघार घेऊन रात्री हेलिकॉप्टर उडवावी लागली. औषध सुरक्षित आहे हे दाखवण्यासाठी त्यांचे सहकारी बी. टी. कॉलिन्स यांनी पत्रकारांसमोर पातळ केलेल्या मॅलेथिऑनचा पेला घटाघट पिऊन दाखवला. व्हिएतनाममध्ये एक हात आणि एक पाय गमावलेला हा माणूस, त्याला काही झालं नाही. ब्राउन यांना झालं. पर्यावरणवाले चिडले, शेतकरी आधीच चिडलेले होते. पुढच्याच वर्षी ते सिनेटची निवडणूक हरले.

राष्ट्राध्यक्षपदासाठी किती वेळा उभे राहिले?

तीनदा : १९७६, १९८० आणि १९९२. तिन्ही वेळा पक्षाची उमेदवारीच मिळाली नाही. १९९२ चा प्रयत्न तेवढा लक्षात राहण्यासारखा. कोणाकडूनही १०० डॉलरपेक्षा जास्त देणगी घ्यायची नाही असं ठरवलं आणि प्रत्येक चर्चेत, प्रत्येक मुलाखतीत ते पैसे पाठवायचा टोल-फ्री नंबर सांगत सुटले. क्लिंटन जिंकले.

मधल्या वर्षांत ते कोलकात्याला गेले होते का?

गेले होते. १९८२ च्या पराभवानंतर आधी जपानमध्ये सहा महिने झेन साधना केली. मग १९८७ मध्ये मदर तेरेसांच्या कालीघाटच्या निर्मल हृदयात सेवा. तिथे मरणाला टेकलेल्या माणसांना आंघोळ घालणं, भरवणं, चादरी धुणं हीच कामं असतात, माजी गव्हर्नरला वेगळं काही काम नसतं. २०१५ मध्ये असाध्य रुग्णांना डॉक्टरांच्या मदतीने मरण पत्करू देणारं विधेयक त्यांच्यापुढे आलं, तेव्हा चर्चचा विरोध असूनही त्यांनी सही केली. सोबतच्या निवेदनात लिहिलं की शेवटी मी माझ्या स्वतःच्या मरणासमोर मला काय हवं असेल याचा विचार केला. ते वाचताना मला कालीघाट आठवतं. हा दुवा माझा, त्यांनी तो जोडलेला नाही.

गव्हर्नर झालेला माणूस महापौर झाला?

१९९९ ते २००७ ओकलंडचे महापौर. आपल्याकडे हे पदावनतीच मानलं जाईल. पण महापौराला खड्डे, खून आणि बांधकाम परवाने रोज भेटतात. शहराच्या मध्यात दहा हजार रहिवासी आणायचे म्हणून ते बिल्डरांच्या मागे लागले आणि पूर्वीचे चाहते त्यांना बिल्डरांचा माणूस म्हणू लागले. या काळात, २००५ मध्ये, ६७ व्या वर्षी त्यांनी ॲन गस्ट यांच्याशी लग्न केलं. २००७ पासून चार वर्षं राज्याचे ॲटर्नी जनरल.

२०११ मध्ये परत आल्यावर तूट कशी भरून काढली?

निवडणुकीत समोर 'ईबे'च्या माजी प्रमुख मेग व्हिटमन. त्यांनी स्वतःच्या खिशातून १४ कोटी डॉलरहून जास्त ओतले आणि हरल्या. आर्नॉल्ड श्वार्झनेगर यांच्याकडून ब्राउन यांना वारशात मिळाली सुमारे २५ अब्ज डॉलरची तूट. पहिल्याच महिन्यात हुकूम निघाला : कर्मचाऱ्यांकडचे ९६ हजार सरकारी मोबाइल निम्मे करा. त्याने तूट काय भरणार, पण सूर लागला.

जूनमध्ये त्यांनी स्वतःच्याच पक्षाने मंजूर केलेला अर्थसंकल्प नाकारला, आकडे जुळवलेले दिसतात म्हणून. मग कपात, शाळा-कॉलेजांसकट. आणि नंतर ज्या मतपेटीने १९७८ मध्ये त्यांना झोपवलं होतं तिच्याकडेच ते गेले. नोव्हेंबर २०१२ चं प्रॉपोझिशन ३० : विक्रीकर पाव टक्का चार वर्षांसाठी जास्त, अडीच लाख डॉलरवरच्या उत्पन्नावर सात वर्षं जादा कर. ५५ टक्के मतं पडली. २०१४ मध्ये चांगल्या वर्षांतले पैसे अडीअडचणीसाठी बाजूला काढणं सक्तीचं करून घेतलं आणि त्या प्रचारात घरच्या सटर नावाच्या कॉर्गी कुत्र्याचाही वापर केला. जाताना राखीव निधीत १३-१४ अब्ज डॉलर होते. पक्षातले तरुण आमदार त्यांना चिक्कू म्हणत.

प्रॉपोझिशन १३ ला मात्र त्यांनी हात लावला नाही. एकदा पोळलेला माणूस.

तुरुंगांचा प्रश्न त्यांनीच निर्माण केला होता का?

एकट्याने नाही, पण सुरुवात त्यांच्या सहीने झाली. १९७६ मध्ये त्यांनी ठरावीक मुदतीच्या शिक्षेचा कायदा आणला. कैदी सुधारला की नाही हे मंडळाने मनाला येईल तसं ठरवू नये, हा हेतू चांगला होता. पण मुदत कायद्यात लिहिली की ती वाढवणं सोपं जातं. पुढच्या प्रत्येक विधिमंडळाने ती वाढवली. सत्तरच्या दशकात वीस हजारांच्या घरातले कैदी २००६ पर्यंत १ लाख ७० हजारांवर गेले. २०११ मध्ये देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने गर्दी कमी करण्याचा आदेश ५ विरुद्ध ४ मतांनी कायम केला. त्या खटल्याच्या नावात ब्राउन यांचंच नाव. २०१६ मध्ये त्यांनी प्रॉपोझिशन ५७ मांडून लवकर सुटकेची वाट पुन्हा उघडली आणि आपला जुना कायदा चुकला, असं उघड सांगितलं.

पाण्याचं काय?

वडिलांनी उत्तरेचं पाणी दक्षिणेकडे नेणारा मोठा कालवा उभारला, त्याला त्यांचंच नाव आहे. त्या योजनेतला राहिलेला दुवा, म्हणजे सॅक्रामेंटोच्या त्रिभुज प्रदेशाला वळसा घालणारा कालवा, जेरी यांनी मंजूर केला आणि १९८२ मध्ये मतदारांनी तो पाडला. दुसऱ्या खेपेला कालव्याऐवजी दोन बोगदे काढायचं ठरलं. ते त्यांच्या कारकिर्दीत झाले नाहीत.

१ एप्रिल २०१५ चं दृश्य मात्र तिथल्या लोकांना अजून आठवतं. सिएरा नेवाडात फिलिप्स या ठिकाणी दरवर्षी बर्फाची खोली मोजतात. त्या सुमाराला एरवी पाच फूट बर्फ असतं. त्या दिवशी ब्राउन सुक्या, पिवळ्या गवतात उभे होते आणि बर्फ मोजायची काठी हवेतच. राज्यभरातला बर्फसाठा सरासरीच्या ५ टक्के. तिथूनच त्यांनी शहरांचा पाणीवापर २५ टक्क्यांनी कमी करण्याचा आदेश जाहीर केला.

दोनच मुदतींची मर्यादा असताना हे चारदा कसे निवडून आले?

ती मर्यादा १९९० च्या मतदानाने आली आणि आधीच्या मुदती तिच्यात धरल्या नाहीत. त्यामुळे ब्राउन यांची पाटी कोरी राहिली. आता कोणाला हे जमणार नाही. मधल्या काळात एक गंमत झाली : त्यांचे पहिल्या खेपेचे चीफ ऑफ स्टाफ ग्रे डेव्हिस स्वतः गव्हर्नर झाले आणि २००३ मध्ये मतदारांनी त्यांना मुदत संपण्याआधीच परत बोलावलं.

सध्या ते कुठे असतात?

कोलुसा काउंटीत. पणजोबा ऑगस्ट शुकमन जर्मनीहून येऊन तिथे स्थायिक झाले होते, त्याच जमिनीवर घर बांधलं आहे. वीज सूर्याची, बाहेरच्या तारेची जोडणी नाही.